गावच्या जत्रेला निघालो आहोत. 'आम्हीही येतो' म्हणणाऱ्या मित्राला काय सांगावे?

प्रश्न: डोंबिवलीची सून

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, परंतु हाताशी दिवस थोडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाईंचे माहेर मालवण तालुक्यातील एका लहान गावात आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेली सहा वर्षे त्यांना गावच्या जत्रेला जाता आले नव्हते. मागील वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि आता त्या काठीशिवाय दोन जिने चढतात. यंदा जत्रेची तिथी नाताळच्या सुट्टीत आल्याचे कळताच 'या वेळी मला दशावतार पाहायचाच आहे, आणि तोही पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत', असे त्यांनी गणपतीतच जाहीर करून टाकले. त्यानुसार सासूबाई, माझे पती, नववीत शिकणारी आमची मुलगी आणि मी, अशा चौघांचा पाच रात्रींचा बेत ठरला. दोन रात्री गावी मामांच्या घरी आणि तीन रात्री देवबागला समुद्राकाठच्या एका घरगुती निवासात राहायचे, एवढाच कार्यक्रम. कोठेही धावायचे नाही, ही सासूबाईंची आणि खरे तर माझीही अट होती.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असताना पतींनी हा बेत त्यांच्या महाविद्यालयीन मित्राला सांगितला. मित्र आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांनी तत्काळ 'अरे वा, मग आम्हीही येतो, मुलांना समुद्र हवाच आहे', असे म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी चिरत असताना फोन वाजला आणि पाहते तर 'मालवण धमाल' नावाचा व्हॉट्सॲप समूह तयार झालेला होता. त्यात स्कूबा, पॅरासेलिंग आणि 'जाता जाता एक दिवस गोवा' अशी यादीही आली होती. त्यांची मंडळी पाच आहेत: ते स्वतः, वहिनी, दोन मुलगे आणि वहिनींची धाकटी बहीण. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असे सासूबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी या विषयावर एक शब्दही काढलेला नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते आहे.

आता खरी अडचण सांगते. हा मित्र वाईट मनुष्य नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा पती परगावी होते आणि रात्री दोन वाजता याच मित्राने गाडी काढून त्यांना रुग्णालयात नेले होते. अशा माणसाला 'तुम्ही येऊ नका' कोणत्या तोंडाने सांगायचे? पती दिवसा 'येऊ दे ना, मजा येईल' म्हणतात आणि रात्री कूस बदलत राहतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे आमच्या हातात अकरा दिवस आहेत. मैत्री न मोडता हे कसे निस्तरावे?

प्रतिसाद: स्पष्टवक्ती

आपल्या मोठ्या प्रश्नापूर्वी एक लहान प्रश्न विचारते. मित्राने 'आम्हीही येतो' म्हटल्यावर आपल्या यजमानांनी नेमके कोणते शब्द उच्चारले? त्यांचे मनातले म्हणणे मला नको, तोंडातून बाहेर पडलेले शब्द हवे आहेत.

डोंबिवलीची सून

हा प्रश्न मी स्वतः इतक्या थेटपणे विचारला नव्हता. आज चहाच्या वेळी विचारला. प्रथम 'मी काहीच बोललो नाही' असे उत्तर आले. मग 'हसलो फक्त' असे आले. शेवटी कप खाली ठेवून ते म्हणाले, 'हो, या की, बघू कसं जमतं, असं म्हणालो बहुतेक.'

प्रतिसाद: स्पष्टवक्ती

मला याचाच संशय होता. ताई, मित्र आगंतुक नाहीत. त्यांना बोलावणे गेलेले आहे. आपल्याकडे दारातून निघालेल्या माणसाला 'जेवूनच जा की' म्हणतात आणि त्यानेही 'नको, घरी स्वयंपाक झालाय' म्हणायचे असते. दोघांनाही आपापले वाक्य पाठ असते म्हणून ते निभावते. परंतु सहलीच्या बाबतीत असे ठरलेले दुसरे वाक्य नाही. यजमानांनी 'या की' म्हटले ते रीत म्हणून, आणि मित्राने ऐकले ते आमंत्रण म्हणून. 'बघू' या शब्दाचे तर विचारूच नका. बोलणारा तो नकाराच्या जागी वापरतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी तो होकार होऊन पोहोचतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण पैशापुरती असावी असे मला पूर्वी वाटे. सुट्टीलाही ती तितकीच लागू पडते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की मित्राला दोषी धरून बोलायला जाऊ नका. चूक आपल्या बाजूची आहे, ती कबूल करूनच नकार द्यायचा आहे, आणि त्यामुळे तो देणे उलट सोपे होईल. दुसरे सांगणे असे की नकार यजमानांनी द्यावा, आपण नव्हे. मित्र त्यांचा, 'या की' त्यांचे. हे काम बायकोवर आले की सोसायटीत तिचीच 'तिला आवडलं नाही म्हणून' अशी ख्याती होते आणि पुरुष मंडळी पुन्हा गच्चीवर एकत्र चहा पितात. समूहावर तर मुळीच लिहू नका. समूहावरचा नकार पाच जण वाचतात आणि प्रत्येक जण तो वेगळ्या आवाजात वाचतो.

प्रतिसाद: देवबागचा यजमान

मी देवबागलाच चार खोल्यांचा घरगुती निवास चालवतो, त्यामुळे या प्रश्नाचे दुसरे टोक मला दरवर्षी दिसते. 'येवा, कोकण आपलोच आसा' असे आम्ही मोठ्या मनाने म्हणतो खरे, परंतु नाताळच्या आठवड्यात चार माणसांचे सांगून नऊ माणसे अंगणात उतरली की कोकण कोणाचेच राहत नाही.

देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी जमिनीची अरुंद पट्टी आहे. येथे घरे लहान आहेत आणि वाढवायला जागा नाही. त्या आठवड्यात 'एखादी जादा खोली बघा ना' या विनंतीला माझ्यापाशी उत्तर नसते. मग पाहुणे एकाच खोलीत गाद्या घालतात, सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागते, आणि ज्या कुटुंबाने मूळ नोंदणी केली ते कुटुंब तीन दिवस माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने पाहते. जेवणाचेही तसेच असते. मासे आम्ही आदल्या संध्याकाळी माणसे मोजून ठरवतो आणि सकाळी आणतो. चौघांसाठी घेतलेल्या सुरमईचे तुकडे मोजकेच पडतात; ताटे वाढताना सहावा आणि सातवा माणूस दिसला की माझी पत्नी स्वतःच्या वाटणीचा तुकडा गुपचूप पुढे सरकवते. पाहुण्यांच्या हे लक्षात येत नाही, माझ्या येते.

एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या. त्यांना संगमावर नुसते बसायचे होते, जेथे नदी समुद्राला मिळते. सोबत आलेल्या ओळखीच्या कुटुंबाला होडी, डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ला आणि पाण्यातले सगळे खेळ एकाच दिवसात उरकायचे होते. बहुमत त्यांचे. आजी दिवसभर गाडीत बसून राहिल्या आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, 'मेल्यांनो, मी संगम बघूक आयलंय की ह्येंका?' त्या हसत म्हणाल्या, परंतु मी ते विसरलेलो नाही.

ताईंच्या बाबतीत तर मुक्कामाचा गाभाच जत्रा आहे. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो. आधी गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान रंगते आणि देवळापुढच्या मंडपात पहाटेपर्यंत पेटी-मृदंग चालू असतो. ज्याला त्याची ओढ आहे त्याला रात्र पुरत नाही. ज्याला नाही, तो अकरा वाजता 'अजून किती वेळ?' असे विचारू लागतो. मामांच्या घरी नऊ माणसांच्या अंथरुणांची सोय आहे का, हाही प्रश्न आहेच. या गोष्टी मित्रासमोर जशाच्या तशा ठेवल्या तरी पुरेसे होईल. खोटे कारण शोधू नका. 'निवासात जागा नाही' असे खोटे सांगितलेत तर मित्र मलाच फोन करतील आणि मी त्यांना शेजारच्या घराचा क्रमांक देऊन मोकळा होईन. असे दोनदा झाले आहे.

प्रतिसाद: आगंतुक

टोपणनाव मुद्दाम घेतले आहे, कारण मी त्या मित्राच्या जागी होतो.

सात वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातील एक सहकारी सपत्नीक दापोलीला निघाला होता. मी तेव्हा एकटा राहत असे. डबा खाताना त्याने मुरुड-हर्णैचे वर्णन केले आणि मी 'मला पण घ्या' म्हणालो. तो 'बघू रे' म्हणाला. मी त्याच आठवड्यात नवी पाठपिशवी आणि दोन हाफ पँटी विकत घेतल्या. प्रवासात गाडीच्या मागच्या आसनावर त्यांच्या सामानासोबत मी बसलो होतो आणि ताम्हिणी घाट उतरेपर्यंत मला कळून चुकले होते की पुढे बसलेली दोन माणसे माझ्यामुळे एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या लग्नाला दहा वर्षे पूर्ण झाली म्हणून ते निघाले होते. हे मला तिसऱ्या दिवशी, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला, प्रसादाचा द्रोण हातात असताना वहिनींच्या आईच्या फोनवरून समजले. तीन दिवस माझ्याशी कोणीही वावगे वागले नाही. ते अतिशय गोड वागले, आणि त्यामुळेच मला आजही ती सहल आठवली की कानशिले तापतात.

त्याने पहिल्याच दिवशी 'या वेळी आम्ही दोघेच जातो आहोत' असे सांगितले असते तर मला वाईट वाटले असते काय? नक्कीच वाटले असते, दोन दिवस वाटले असते. परंतु पुढे जे झाले ते असे की आम्ही दोघांनी एकत्र डबा खाणे हळूहळू बंद केले आणि त्याचे कारण कोणीही कोणाला सांगितले नाही.

स्वतःहून मागे लागणारा माणूस नेहमी उद्धट असतो असे नाही, एवढे या निमित्ताने सांगावेसे वाटते. कधी त्याला स्वतःची सहल आखता येत नाही, कधी घरात कोणी विचारत नाही, कधी मुलांना सोबत मिळेल एवढाच हिशेब असतो. रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या माणसाला तुम्ही आपली माणसे वाटता, म्हणून त्याने 'येऊ का' असे विचारले नाही, 'येतो' म्हटले. त्याला खरे कारण कळण्याचा हक्क आहे.

प्रतिसाद: हिशेबी

वरील सर्वांशी मी अर्धाच सहमत आहे. सरसकट नकाराची गरज मला दिसत नाही. जत्रा आणि गाव हा घरचा भाग आहे. तो वेगळा ठेवा. देवबागच्या तीन दिवसांपैकी शेवटचा एक दिवस मित्रांना त्यांच्या स्वतंत्र मुक्कामासह तारकर्लीला येऊ द्या, एकत्र जेवा आणि परतीला आपापल्या वाटेने जा. रात्रीच्या त्या गाडीची परतफेड एका दिवसाच्या सहवासाने होत असेल तर ती स्वस्त आहे.

मात्र काही गोष्टींत ढिलाई करू नका. पहिली म्हणजे तिकिटे. रेल्वेच्या संकेतस्थळावर एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे नऊ जणांची दोन तिकिटे झाली. सकाळी आठला आरक्षण उघडल्यावर नाताळच्या गाड्यांना काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते, तेव्हा एक तिकीट पक्के आणि दुसरे अधांतरी अशी अवस्था होण्याचा संभव मोठा आहे. मग 'तुमचं झालं, आमचं नाही' ही चुटपुट चार्ट लागेपर्यंत चालते. शिवाय पक्के तिकीट दुसऱ्याच्या नावावर करण्याची मुभा फक्त आईवडील, भावंडे, मुले आणि पती-पत्नी अशा जवळच्या नात्यातच असते, मित्राला ती लागू नाही. त्यामुळे 'तुमच्यासाठी पण काढून ठेवतो, नंतर पाहू' असे औदार्य कृपया दाखवू नका. जाता जाता आणखी एक: सासूबाईंचे तिकीट स्वतंत्र काढून त्यात ज्येष्ठांसाठीचा खालच्या बाकाचा कोटा निवडा. चौघांच्या एकत्रित तिकिटावर तो मिळत नाही, आणि त्या गुडघ्याला मधला बाक चढायला लावणे हा अन्याय होईल.

दुसरी म्हणजे पैसा. खर्च 'प्रत्येक कुटुंबामागे निम्मा' असा सहज बोलला जातो आणि तेथेच माती खाल्ली जाते. चार माणसे आणि पाच माणसे यांच्यात निम्मे होत नाही, मासे खाणारे आणि न खाणारे यांच्यातही होत नाही. मी एकदा परतीच्या प्रवासात पनवेलला गाडी थांबवून बारा हजारांचा हिशेब चहाच्या टपरीवरील कागदावर मांडलेला आहे. तो कागद माझ्याकडे अजून आहे, तो मित्र नाही.

प्रतिसाद: स्पष्टवक्ती

हिशेबी यांच्या 'एक दिवस' या तोडग्याबद्दल मला शंका आहे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. एक दिवस म्हटला की तारकर्लीला आदल्या रात्री पोहोचणे आले, मग 'आलोच आहोत तर जत्रा पण पाहू' हे आले. तोडगा द्यायचाच असेल तर तो याच सहलीत बसवू नये. वेगळी तारीख द्यावी, आणि ती सुद्धा खरोखर पाळायची असेल तरच. 'पुढच्या वेळी नक्की' हे वाक्य 'बघू'चेच मोठे भावंड आहे.

डोंबिवलीची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

पती तीन दिवस टाळत राहिले. चौथ्या दिवशी मी 'आगंतुक' यांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, परंतु त्याच संध्याकाळी एकटेच मित्राकडे गेले. जाण्यापूर्वी काय बोलायचे ते आम्ही दोघांनी ठरवले होते आणि ते सुमारे असे होते: 'चूक माझी आहे. तू येतो म्हणालास तेव्हा मी विचार न करता या की म्हणालो. ही सहल आईची आहे. तिला सहा वर्षांनी माहेरी न्यायचंय, रात्रभर देवळात बसवायचंय आणि बाकी काही करायचं नाहीये. या वेळी आम्ही चौघंच जातोय.' यात 'पण', 'तसं नाही' आणि 'तुला राग येणार नाही ना' हे तीन शब्दप्रयोग करायचे नाहीत, अशी मी त्यांना ताकीद दिली होती. त्यांपैकी तिसरा त्यांनी केलाच.

मित्र थोडा वेळ गप्प राहिले. मग 'हे त्याच दिवशी सांगायचं ना, मी रजा टाकली', एवढे म्हणाले. ते योग्यच होते आणि पतींनी ते ऐकून घेतले. वहिनी चार दिवस उद्वाहनात भेटल्यावर आरशाकडे पाहत होत्या. समूहाचे नाव बदलून नुसते 'धमाल' झाले, आणि त्यावर आता सुप्रभातचे संदेश येतात.

सासूबाईंना आम्ही काहीही सांगितले नव्हते. तरीही पाचव्या दिवशी त्यांनी डिंकाचे लाडू वळले आणि एक डबा भरून स्वतः दोन जिने चढून त्यांच्या घरी देऊन आल्या. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी वहिनी डबा परत करायला आल्या, तो रिकामा नव्हता आणि त्या अर्धा तास बसल्या. जाताना त्यांनी देवबागच्या निवासाचा क्रमांक मागितला. मे महिन्यात ते सर्व जण जाणार आहेत. मी क्रमांक दिला आणि पाऊस लागण्यापूर्वी जा, पुढे किल्ल्याच्या होड्या बंद होतात, असेही सांगितले.

आज सकाळी आठ वाजता आरक्षण उघडले. आमची तीन तिकिटे पक्की झाली आणि सासूबाईंना वेगळ्या तिकिटावर खालचा बाक मिळाला, त्याबद्दल हिशेबी यांचे विशेष आभार. मेच्या सहलीचा विषय वहिनींनी गच्चीवर दोनदा काढला. 'तुम्हीही चला' असे त्या अद्याप म्हणालेल्या नाहीत, आणि माझे पती प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून तोंड घट्ट मिटून बसतात.